शंभराचं पेट्रोल

श्यामसुंदर सबनीसांच्या मते पुण्यात दोनच प्रकारची माणसं राहत होती, लुबाडणारी आणि लुबाडून घेणारी. आपण दोन्हींत नाही, याचा त्यांना कोण अभिमान! बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर त्यांनी त्या पैशातून एक जुनी गाडी घेतली आणि कोथरूडातल्या सोसायटीच्या दारात उभी केली. त्या दिवसापासून पेट्रोलवाले आणि गॅरेजवाले असे दोन नवे चोर त्यांना मिळाले.

टाकी भरणं म्हणजे शुद्ध बावळटपणा, असं ते म्हणत. उद्या कोणी नळी घालून पेट्रोल काढून नेलं तर? म्हणून गाडीत कायम शंभराचंच पेट्रोल. काटा तळाला टेकलेला, लाल दिवा लागलेला, आणि हे आपले खुशाल गावभर हिंडतायत. बावीस वर्षं स्कूटर अशीच चालवली होती. बंद पडली की आडवी करायची आणि दोन किका मारायच्या. मोटारीबद्दलचं सगळं ज्ञान तेवढंच, आणि त्यावर सोसायटीतल्या लोकांना फुकटचे सल्ले.

२००३ च्या उन्हाळ्यात गाडी सकाळी चालू व्हायला वेळ घेऊ लागली. मागच्या सीटखालून बारीक कण्हल्यासारखा आवाज यायचा, आणि चांदणी चौकाच्या चढावर ती आचके द्यायची. दाखवून तरी आणा, असं सत्यशीलाबाई नवऱ्याला रोज सांगत. कोथरूडचे गॅरेजवाले दरोडेखोर, म्हणून सबनीस गाडी घेऊन थेट हडपसरला गेले. तिथे मजुरी पन्नास रुपयांनी कमी होती. पन्नास वाचवायला जाऊन येऊन तीस किलोमीटर! आता काय बोलायचं या माणसाला?

गॅरेज लोणी काळभोरच्या बापूरावांचं होतं. त्यांनी किल्ली फिरवली, मागच्या सीटला कान लावला, पेट्रोलचं प्रेशर मोजलं.

"साहेब, पंप जायच्या बेतात हाय. त्यो टाकीत पेट्रोलात बुडालेला असतो, त्यानंच गार ऱ्हातो. तुम्ही टाकी कोरडी ठेवताय, म्हणून जळत चाललाय. आजच बदला, न्हाईतर रस्त्यात अडकाल."

खर्च साडेचार हजार. बँकेत वेळ संपल्यावर आलेल्या गिऱ्हाईकाकडे बघून सबनीस जसे हसत, तसे हसले आणि निघाले. पुढचे आठ दिवस त्यांनी हा किस्सा घरोघरी सांगितला. म्हणे पेट्रोलने पंप गार राहतो! अहो, जास्त पेट्रोल विकण्याचं कमिशन असेल त्याला, दुसरं काय.

पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलीला, नीरजाला, हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं बोलावणं आलं. पोरगी संगणकाची पदवी घेऊन वर्षभर घरी बसली होती. मंदीमुळे कोणी दारात उभं करत नव्हतं. परीक्षा साडेनऊला, उशिरा येणाऱ्याला प्रवेश नाही, असं पत्रात स्वच्छ लिहिलेलं. ती रिक्षाने जाते म्हणाली. दारात गाडी असताना रिक्षाला पैसे घालायचे, हे सबनीसांना कसं पटावं? निघताना लाल दिवा लागलेलाच होता.

फातिमानगरच्या पुढे गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. तेव्हा नऊला पाच कमी होते. सबनीसांनी बॉनेट उघडून कार्बोरेटर शोधायला सुरुवात केली. या गाडीला कार्बोरेटर नव्हताच. मग त्यांनी इस्त्रीच्या कपड्यातल्या मुलीला मागून गाडी हलवायला लावली, टाकीतलं पेट्रोल पुढे येईल म्हणून! तीन रिकाम्या रिक्षा समोरून गेल्या. प्रत्येक वेळी नीरजाने विचारलं, आणि प्रत्येक वेळी हे म्हणाले, दोन मिनिटं थांब. तिला रिक्षात बसवणं म्हणजे बापूराव खरा ठरणार, आणि ते त्यांना झेपणार नव्हतं. मुलगीही खुळी, आज्ञेत वाढलेली. थांबली. घड्याळात साडेनऊ झाले तेव्हा न विचारता तिने हात केला आणि चौथ्या रिक्षात बसली.

शेवटी सबनीसांना बापूरावांनाच फोन करावा लागला. त्यांनी गाडी दोर बांधून ओढत नेली आणि नवा पंप घातला. जळका पंप त्यांनी साहेबांच्या हातात दिला. कंपनी गॅरेजपासून जवळच. नीरजा तिथून चालत गॅरेजवर पोचली तेव्हा वडील घासाघीस करत होते. तासाभराच्या कामाला एवढी मजुरी कसली, आणि जुन्या पंपातलं तांबं तुम्हालाच मिळणार, त्याचे पैसे वजा करा.

"झाली का परीक्षा?" त्यांनी मान वळवून विचारलं.

"गेटच्या आत घेतलं नाही."

 सबनीस बापूरावांकडे वळून म्हणाले, "बरं, मग चार हजार करा."

"बाबा," नीरजा म्हणाली, "त्यांचे सगळे पैसे द्या. त्यांनी तुम्हाला खरं सांगितलं होतं. मला फसवलं ते तुम्ही."

सबनीसांनी सगळ्या नोटा काढून दिल्या. गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली. बस आत, असं म्हणत त्यांनी पलीकडचं दार उघडलं. नीरजाने रस्ता ओलांडला आणि ती कोथरूडच्या बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.