सरत्यातून टाकीत ओतलेलं औषध: दवनीवाडा ते इटियाडोह आणि परत

आणि वरून रेखलाल भाऊ म्हणतात का त्यांच्या गाडीचा रंग आम्ही घालवला. चक्कीवर सांगितलं, पंचायतीसमोर सांगितलं, माझ्या नवऱ्याला पानठेल्यावर गाठून सांगितलं. मला तोंडावर एकदाही नाही. रंग गेला हे सगळ्यांना दिसते. डिझेलात पाणी कोणाच्या ड्रमातलं होतं, हे कोणी विचारत नाही. म्हणून सगळा प्रवास इथं लिहून ठेवते. कोणाला इटियाडोहहून मासोळीचं बीज आणायचं असेल, नाहीतर नुसता नवेगाव बांधचा तलाव पाहायला जायचं असेल, त्यांनीही वाचावं. रस्ता तोच आहे. मी चौथी शिकली. फोनमध्ये बोलते, तो लिहितो, चुका पोरगी काढते.

दवनीवाड्याच्या आमच्या बचत गटाला यंदा पहिल्यांदाच गावची बोडी मिळाली. बोडी म्हणजे छोटा तलाव, धानाला पाणी देणारा. आतापर्यंत त्यात माणसंच मासोळी सोडत आणि माणसंच काढत. आम्ही बायकांनी मागितली तेव्हा ग्रामसभेत हसले. मग म्हणाले, घ्या एक वर्ष, बीज जगलं नाही तर बोडी परत. लेखी घेतलं आमच्याकडून. आमच्यापाशी एकच वर्ष होतं, आणि त्या वर्षाचं बीज आणायला मी आणि माझी धाकटी जाऊ कौशल्या निघालो.

गाडी आमच्याच गावच्या रेखलाल भाऊंची. मोठी, सात सीटची, डिझेलवर चालणारी. मागच्या सीटा काढून दिल्या. चालवायला गोंदियाचा दुर्गाप्रसाद, पन्नाशीचा माणूस, हिंदीच बोलते आणि दर अर्ध्या तासानं चहा मागते. निघायच्या आधी भाऊंनी गोठ्यातल्या ड्रमातून टाकी भरून दिली. ट्रॅक्टरसाठी ड्रम भरून ठेवायची आपल्याकडे सवयच आहे, पंप दूर पडते म्हणून. ड्रमाच्या तोंडावर बारदाना होता, ओला. तो मी पाहिला. बोलली नाही, हे माझं चुकलं.

दुपारी निघालो. गोंदियापर्यंत रस्ता बरा आहे, फक्त रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांची माती डांबरावर पडते आणि गाडी सरकते. गोंदियात थांबू नका, गर्दीत अर्धा घंटा जाते. गोरेगावला बसस्टँडच्या बाजूला आलूबोंडा चांगला मिळते, पंधरा रुपयांत दोन. तिथून पुढं गाडी धक्के द्यायला लागली. चढावर दम सोडायची, उतारावर पुन्हा पळायची. कोहमाऱ्याला, म्हणजे जिथं नागपूर-रायपूरचा मोठा रस्ता आडवा येते, तिथं मिस्त्रीला दाखवली. त्यानं खालून फिल्टरचा स्क्रू ढिला केला, एका वाटीत धार घेतली आणि वाटी माझ्या नाकाशी आणली. खाली पाणी, वर डिझेल, मधात रेघ.

फिल्टरमधलं पाणी त्यानं काढून दिलं आणि एक बाटली दिली. टाकीत टाकायचं औषध, वीतभर उंचीची, पिवळं पाणी आत. म्हणाला, ही आधी ओता, मग लगेच पंपावर टाकी भरा, म्हणजे मिसळते. टाकीतलं पाणी हे औषध धरते आणि जाळून टाकते. सांडू देऊ नका, रंग खाते आणि हाताची कातडी पण. आणि सरळ बाटलीनं ओतता येणार नाही, चाडी लागंल, म्हणजे नरसाळं, लांब नळीचं.

त्याच्यापाशी चाडी नव्हती. पलीकडच्या दुकानात पाहू म्हणाला. मी म्हटलं, उद्या पाहू, आता चला. मला उजेडात तलाव गाठायचा होता आणि गाडी तर चालत होती. दुर्गाप्रसाद म्हणाला, "दीदी, दस मिनट लगेगा." मी ऐकलं नाही. हेही लिहून ठेवते, नाहीतर म्हणाल हिनं आपलं तेवढं लपवलं.

नवेगाव बांधला पोहोचलो तेव्हा ऊन तलावावर आडवं पडलं होतं. चारी बाजूंनी डोंगर आणि मधात एवढं पाणी का पलीकडचा माणूस काठीएवढा दिसते. हा जुन्या लोकांनी बांधलेला तलाव. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभी राहिली तर मला आमच्या बोडीची लाज वाटली आणि हावही सुटली. रात्री माझ्या मावसबहिणीकडं मुक्काम. भात आणि झिंग्यांचा रस्सा. तुम्हाला बहीण नसेल तर गावात खानावळी आहेत, सव्वाशे-दीडशेत पोटभर जेवण होते, पण आधी फोन करून सांगा, नाहीतर फक्त अंडे मिळतात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अर्जुनी मोरगाववरून इटियाडोह. धरणाची भिंत पाहण्यासारखी आहे. मला फुरसत नव्हती, तुम्ही मात्र घंटाभर बसा. बीज केंद्रावरच्या माणसानं आमच्यासमोर पिशव्या भरल्या. खाली थोडं पाणी, त्यात बोटाएवढी रोहू-कतला, वर ऑक्सिजन फुगवून रबरानं गच्च बांधलेलं तोंड. बारा पिशव्या. सात वाजता शेवटची बांधली आणि म्हणाला, "सहा घंटे, बाई. एक वाजाच्या आत बोडीत पडले पाहिजे. ऊन लागू देऊ नोका आन तेल, साबण, दवाई काही जवळ नोको." उरलेलं अर्धं बीज पुढच्या खेपेला, पुढच्या शुक्रवारी, असं ठरलं.

उन्हाच्या बाजूच्या खिडकीत आम्ही ओला बारदाना लावला, अर्धा आत, अर्धा बाहेर लोंबता. दर थोड्या वेळानं त्यावर पाणी मारायचं. मी एका बाजूनं, कौशल्या दुसऱ्या बाजूनं पिशव्या हलवत बसलो. हलवल्या नाही तर वरची हवा पाण्यात मिसळत नाही.

नवेगाव बांध मागं पडलं, जंगल लागलं, आणि गाडी दोनदा खोकलली आणि बंद पडली. पावणेनऊ वाजले होते. कोहमारा दहा-बारा किलोमीटर. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला धान, रस्त्यावर माणूस नाही, फोनला रेंज नाही.

दुर्गाप्रसादनं खाली घुसून फिल्टरचं पाणी काढलं. गाडी सुरू झाली, दोनशे हात गेली, पुन्हा बंद. टाकीतच पाणी बसलं होतं, ते पुन्हा पुन्हा वर येत होतं. आता औषधाशिवाय इलाज नव्हता. त्यानं टाकीचं झाकण उघडलं. आत फिरकीचं बूच नाहीच, एक लोखंडी झडप, पंपाची नळी घुसली तरच आत वळणारी. बाटलीचं तोंड आखूड आणि जाड, झडपेपर्यंत पोहोचतच नाही. तो बोटानं झडप दाबून पाहत होता, मग काडी शोधायला गेला, मग पाण्याच्या बाटलीची चाडी बनवायला चाकू शोधायला लागला. त्याचं प्रत्येक मिनिट मला माझ्या अंगावर मोजल्यासारखं वाटत होतं. एका पिशवीतल्या बोटुकल्या वर येऊन तोंड मारत होत्या.

मी त्याच्या हातातून बाटली ओढली आणि उलटी केली.

अर्धी बाटली झडपेवर आपटून परत आली. गाडीच्या अंगावरून पिवळी धार खाली गेली, माझ्या दोन्ही हातांवर आली, मनगटापर्यंत, आणि खिडकीतून लोंबत होता त्या बारदान्यावर पडली. बारदान्याचं दुसरं टोक पिशव्यांवर होतं.

कौशल्या कधी मला उलट बोलत नाही. तिनं आतून बारदाना ओढून दूर धानाच्या बांधाच्या अलीकडं फेकला, लुगड्याच्या पदरानं बाजूच्या पिशव्या पुसल्या, पदराचं तेवढं टोक तिच्या थैलीतल्या विळ्यानं कापून टाकलं, आणि म्हणाली, "बाई, आता तुमी कोनत्याच पिशवीले हात लावू नोका."

मी रस्त्याच्या कडेला बसली. हात समोर धरून, कोणाचे तरी दुसऱ्याचे असल्यासारखे. पाण्यानं धुतले तरी वास जाईना. बाटलीत अर्धं औषध उरलं होतं. तेही सांडलं असतं तर तिथंच संपलं होतं.

तेवढ्यात शेतातल्या घरातून एक म्हातारी आली. डोक्यावर फडकं, हातात काठी. "काऊन बसल्या जी रस्त्यात?" कौशल्यानं सांगितलं, नळी पाहिजे, पोकळ, वर तोंड मोठं. म्हातारीनं टाकीत डोकावून पाहिलं, झडप काठीनं दाबून पाहिली आणि घरी गेली. आली ते ओसरीत टांगलेला सरता घेऊन.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. सरता म्हणजे पेरणीची नळी. वर लाकडाची वाटी, खाली बांबूची लांब पोकळ नळी. नांगराच्या मागं बाई चालते आणि मुठीतून वाटीत बी सोडत जाते, ते नळीतून तासात, म्हणजे नांगराच्या रेघेत पडते. मी लग्न होऊन आली तेव्हापासून हरभरा असाच पेरला आहे. मूठ कमी सोडली तर तास रिकामा जाते, जास्त सोडली तर नळी तुंबते. अशी चाडी, म्हणजे सरता, तर माझ्या घरीही टांगला होता. कोहमाऱ्याला मला ते सुचलं नाही.

नळी आपटली तर आतून मागच्या वर्षीचे दोन हरभरे आणि कोळ्याचं घर निघालं. कौशल्यानं कोरडी काडी फिरवून आत साफ केलं, टोक विळ्यानं तासून बारीक केलं आणि वाटीवर सुती फडकं बांधलं. टोक झडपेला लावून दाबलं आणि झडप आत वळली. दुर्गाप्रसादनं कानामागची बिडी काढून माझ्यासमोर फेकून दिली, मी न सांगता. सरता कौशल्यानं दोन्ही हातांनी धरला. ओतायला मीच. माझे हात तसेही खराब झाले होते.

करंगळीएवढी धार. वाटी भरू द्यायची नाही. थांबायचं, वाटी उतरू द्यायची, पुन्हा धार. घाई केली तर हवा परत येते आणि सगळं उसळते, हे पेरणीतही असंच. शेवटचा थेंब गेल्यावर सरता लगेच ओढायचा नाही, वीस मोजायचे, मग वाकडा न करता सरळ वर काढायचा आणि टोकाखाली फडकं धरायचं. एक थेंब बाहेर पडला नाही. म्हातारी म्हणाली, "पेरनारी बाई दिसते."

सरता परत देऊ लागली तर तिनं घेतला नाही. औषधाच्या वासाचा सरता आज घरात टांगत नाही म्हणाली. "घेऊन जाय. धुऊन, उन्हात वारवून आन. हरभऱ्याच्या पेरनीले पाहिजे मले, त्याच्या आंधी आनून देजो."

गाडी चौथ्या वेळी सुरू झाली. कोहमाऱ्याच्या पंपावर टाकी भरली, दहा वाजून वीस मिनिटं. पुढं कुठं थांबलो नाही. दुर्गाप्रसादनं चहा मागितला नाही. कौशल्या एकटी बाराही पिशव्या हलवत होती, मी समोरच्या सीटवर हात मांडीवर उताणे ठेवून घड्याळ पाहत होती. गोरेगावला ट्रॅक्टरची रांग, गोंदियात गर्दी. बोडीच्या पाळीवर गाडी लागली तेव्हा एकाला सात मिनिटं कमी होती. गटाच्या सगळ्या बाया छत्र्या घेऊन उभ्या, आणि ग्रामसभेत हसणारे दोघं-तिघंही.

पहिली पिशवी गटाच्या म्होरक्या बाईनं, म्हणजे मी सोडायची, असं ठरलं होतं. हळद-कुंकू घेऊन ठेवलं होतं माझ्यासाठी. मी हात मागं बांधून पाळीवर उभी राहिली आणि कौशल्याला म्हटलं, तू सोड. लोकांना वाटलं दमली. तिनं पिशव्या बोडीच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, थोड्या वेळानं तोंड सोडून बोडीचं पाणी थोडं थोडं आत घेतलं, मग तिरप्या केल्या. अकरा पिशव्यांतली पोरं आपल्याआपण बाहेर निघून पाण्यात दिसेनाशी झाली.

बाराव्या पिशवीवर बारदान्याचा डाग होता. ती बोडीत जाऊ दिली नाही. का, ते मी तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं: औषध माझ्या हातानं सांडलं, गाडीचा रंगही त्यानंच गेला. हातपंपावर बाहेरून धुऊन, टबात वेगळी सोडली. संध्याकाळपर्यंत तिच्यातल्या अर्ध्या बोटुकल्या मेल्या. उन्हानं मेल्या का औषधानं, मला सांगता येत नाही. उरलेल्या दुसऱ्या दिवशी बोडीत टाकल्या.

आता घरी बसून हिशेब एवढाच. अकरा पिशव्या जगल्या, सकाळी पाळीवर गेलं तर बोटुकल्या आम्ही टाकलेल्या भुश्याला तोंड मारतात. म्हातारीचा सरता माझ्या अंगणात उन्हात टांगला आहे आणि माझ्या नखांतून अजून वास येते. प्रवासाला निघणाऱ्यांना एकच सांगणं: गाडीत चाडी ठेवा, ड्रमातलं डिझेल घेऊ नका, आणि गाडी चालवणारा दहा मिनिटं थांबा म्हणाला तर थांबा.

आणि रेखलाल भाऊ, आता तुम्ही वाचा. रंग माझ्या हातानं गेला, माझ्या घाईनं गेला. ते मी पाळीवर सगळ्यांसमोर सांगितलं आणि इथंही लिहिलं. पाणी तुमच्या ड्रमातलं होतं. ते तुम्ही अजून कोणाला सांगितलं नाही. उरलेलं बीज या शुक्रवारी सकाळी सात वाजता मिळणार आहे, ते नाही आणलं तर बोडी अर्धी रिकामी आणि पुढच्या वर्षी परत तुम्हा माणसांची. बुधवारी संध्याकाळी दिवे लागायच्या आत मला दोन गोष्टी सांगा: गाडी देता का नाही, आणि ड्रमाचं तोंड झाकलं का नाही. चक्कीवर नाही, पानठेल्यावर नाही. माझ्या अंगणात येऊन, त्या सरत्याखाली उभं राहून सांगा.