तीन ठोके आणि एक थांबा

आधीच सांगते, हे वाचून मला अंगारे-ताईत सुचवायला कुणी येऊ नका. जळगावच्या एका कॉलेजात मी बीएस्सीला प्राणी-शरीरक्रियाशास्त्र शिकवते. अंगात आलेल्या एका वहिनींना मी साखर-मीठ-पाणी पाजून ताळ्यावर आणलंय! तरी लिहितेय... कारण आत ठेवून ठेवून जीव गुदमरायला लागलाय.

माझे मिस्टर माझ्याच डिपार्टमेंटला होते. हृदय त्यांच्याकडे, पचन, किडनी माझ्याकडे. सुट्टीच्या दिवशी ते धुळे-अमळनेरकडच्या शाळांमधून विज्ञान सांगत फिरायचे, तेही अहिराणीत. "बठ्ठा चूप! आपलं काळीज काय सांगस ते आयका!" सगळे गप्प, आपलं काळीज काय सांगतंय ते ऐका. मग पोरांनी डोळे मिटायचे, एका हाताची नाडी दुसऱ्या हाताने धरायची आणि धरलेल्या हाताच्या बोटाने आपापला ठोका बाकावर वाजवायचा. नुसता गोंगाट! आणि धडा तोच – प्रत्येकाचं हृदय आपल्या चालीने चालतं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलची सुरुवातही ते तशीच करायचे.

त्यांचा स्वतःचा एक ठोका मध्येच गळायचा. डॉक्टर म्हणाले होते, घाबरण्यासारखं काही नाही. मी छातीला कान लावून चिडवायची, "अहो सर, इंजिन बंद पडलं तुमचं!" ते हसायचे. "थांबनं नई मॅडम, भरी राह्यनं." थांबलं नाही, भरून घेतंय. आणि ते खरंच आहे. तेवढ्या उसंतीत हृदयात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात पडतो.

मागच्या हिवाळ्यात असंच एका शाळेतून परतताना, धुळ्याच्या हायवेवर... ट्रक. जाऊ दे, ते नाही लिहवत.

लोक म्हणतात आठवणी छळतात. मला उलटंच झालं. त्यांचा तो ठोका मी विसरायला लागले. दोन ठोक्यांनंतर थांबायचं की तीन? की चार? उशीवर बोटांनी वाजवून बघायची, जमायचंच नाही. घरात दोन स्टेथोस्कोप, दोघं हेच शिकवणारे, पण नवऱ्याच्या छातीचं रेकॉर्डिंग कोण करून ठेवतं हो? तो ठोका माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता. माझ्याकडून गेला की संपलाच. या विचाराने मी वेड्यासारखी रडायची.

यंदा हृदय माझ्या गळ्यात पडलं. दुसरं कुणी नव्हतंच. भर दुपारची लॅब, पंखे गरगरतायत, खिडकीतून रिक्षांचे हॉर्न. मी सरांचंच प्रॅक्टिकल घेतलं. "डोळे मिटा. नाडी धरा. वाजवा." गोंगाट सुरू झाला. बरं वाटलं – म्हटलं, चला, जमतंय.

आणि मग तो गोंगाट विरळ होत गेला. टेबलं एकेक करून एका तालात यायला लागली. टक्, टक्, टक्... काही नाही. मग एक जोरात. पुन्हा तेच. अख्खा वर्ग! मी टेबलाची कड घट्ट धरली. तीन होते. अगं बाई, तीनच होते!

थोड्या वेळाने ते आपोआप विस्कटलं. पोरांनी डोळे उघडले. पुढच्या टेबलावरची पल्लवी म्हणाली, "मॅडम, सगळ्यांचा चौथा ठोका कुठे गेला?"

म्हणजे मलाच भास झाला नव्हता. मी प्रत्येकाची नाडी स्वतः तपासली. सगळ्यांची सरळ, एकही ठोका गळत नव्हता. "एकमेकांचं ऐकून वाजवत होतात ना रे?" सगळे म्हणाले, नाही मॅडम, आमचाच वाजवत होतो.

ऐकता ऐकता माणसं एका तालात येतात, हे मलाही ठाऊक आहे. पण तो थांबा कुणी आणला? त्यानंतर दुसऱ्या बॅचला, मग पुन्हा याच पोरांना बसवून पाहिलं. नुसता गोंगाट. मला उत्तर सापडलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा, मी भांडणार नाही.

सकाळी चहा ठेवला की ओट्यावर माझी बोटं आपसूक वाजतात. तीन, मग थांबा, मग एक जोरात. आता चुकत नाही. मग गाळणी घेते आणि अजूनही दोन कप काढते.