ताईचं बिऱ्हाड

जिना चढण्याआधी तो खाली उभा राहून वर बघायचा आणि वळणं मनात साठवायचा. दाराची रुंदी वितीनं मोजायचा. टेप खिशातच असायची. रिकाम्या हातानं कधी जिना उतरला नाही, कुणाची तरी कचऱ्याची पिशवी का होईना, घेऊन जायचा. चहा उभ्यानं प्यायचा. दोरीची गाठ मारली की तिच्यावर दोनदा थोपटायचा, तान्ह्या बाळाला थोपटतात तसं. आणि जड वस्तू उचलताना, वळवताना, टेकवताना एकच शब्द बोलायचा: "हळू."

त्यावरून सगळे त्याला हळूभाऊ म्हणत. ताई सोडून. ती त्याला गाढव म्हणायची. "ओझी वाहतो, मग काय घोडा म्हणू?"

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले. तिनंच त्याला वाढवलं. ती चौथ्या मजल्यावर राहते. तिचे गुडघे गेले आहेत. शेवटची खाली उतरली ती डॉक्टरकडे जायला, आणि वर आली ती दोन माणसांच्या खांद्यांवर हात टाकून. तेव्हापासून तिला रस्ता फक्त खिडकीतून दिसतो.

"माणसांची टाळकी बघून कंटाळले," ती म्हणायची. "तोंडं बघायचीत मला."

हळूभाऊ फर्निचरच्या दुकानात माल पोचवायचा. गाडी मालकाची, पाठ याची. एक दिवस त्यानं नोकरी सोडली आणि एक जुनी व्हॅन विकत घेतली. ती आधी बेकरीची होती. त्यानं पांढरा रंग मारला, तरी खालून 'रोज ताजे' ही अक्षरं दिसत राहिली. आत पावाचा वास यायचा.

"आता मी लोकांची बिऱ्हाडं हलवणार," त्यानं ताईला सांगितलं. "पहिलं तुझं. तळमजल्यावर खोली बघितलीय. उंबरठासुद्धा नाही दाराला. खुर्ची टाक आणि दिवसभर तोंडं बघ."

पण पहिलं गिऱ्हाईक मी निघालो. ताईच्या खालची खोली मी भाड्यानं घेतली होती आणि माझं सामान म्हणजे बहुतेक पुस्तकं.

"हे सगळं वाचलंस?" त्यानं तिसऱ्या मजल्यावर खोकं टेकवत विचारलं.

"हो."

"काय मिळालं?"

"अजून काही नाही."

"मला मिळाली. पाठदुखी."

तिथून आमची मैत्री झाली.

ताईला हलवायला रविवार ठरायचा. शनिवारी फोन वाजायचा. नव्या जोडप्याचा पलंग दारात अडकलाय. दवाखान्याची बाकं हलवायचीत. कुणाचा तरी फ्रिज. नव्या धंद्यात गिऱ्हाइकाला नाही म्हणू नये, असं त्याचं मत होतं. मी ताईची आठवण करून दिली की म्हणायचा, "ती कुठं पळून जातेय?"

ताईला हे ऐकू जायचं. "दिव्याखाली अंधार तो हाच. हलव, जगाची बिऱ्हाडं हलव. मला एकदम चौघांच्या खांद्यावरूनच ने."

"खांद्यावरून नाही गं. पुढच्या सीटवर बसवून नेणार."

मग तळमजल्याच्या घरमालकाचा निरोप आला. महिनाअखेरपर्यंत सामान आलं नाही तर खोली दुसऱ्याला देणार. हळूभाऊनं मंगळवार ठरवला आणि सोमवारीच फोन बंद करून ठेवला. हे त्यानं पहिल्यांदाच केलं.

मंगळवारी सकाळी तो दुकानातल्या दोन जुन्या हमालांना घेऊन आला. सोबत दोन लाकडी दांडे. ताईच्या स्वयंपाकघरातली खुर्ची त्यानं दाराशी आणली. दोन बाजूंना दोन दांडे बांधायचे, ताईला बसवायचं, दोघांनी पुढून, दोघांनी मागून धरायचं. चौथा मी.

"आणि पडले तर?" ताईनं विचारलं.

"पडलीस तर नुकसानभरपाई. धंद्याचा नियम आहे."

त्यानं एक दांडा बांधला. गाठीवर दोनदा थोपटलं. मग त्याच्या लक्षात आलं की हमालांनी सरकवलेलं कपाट अर्ध्या दारात आलंय आणि ते निघाल्याशिवाय खुर्ची बाहेर पडणार नाही. "आधी हे उतरवू," तो म्हणाला.

कपाट उतरलं. चारही वळणांवर कुठं घासलं नाही. व्हॅनमध्ये त्यानं ते दोरीनं आवळलं, थोपटलं, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला.

"जरा बसतो," तो म्हणाला.

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. काम अर्धं असताना तो बसलेला त्यांनी पाहिला नव्हता.

वरून ताईची हाक आली. "अरे गाढवा, आता बसलास काय? मी चपला घालून बसलेय!"

मी त्याला उठवायला गेलो. त्याचा हात स्टिअरिंगवर होता. मी तो हलवला. मग पुन्हा हलवला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. बसला तेव्हाच गेला असणार.

त्याला वर न्यायचं की ताईला खाली आणायचं, यावर जिन्यात थोडं बोलणं झालं. खुर्चीला एकच दांडा होता. दुसरा बांधायला कुणी पुढं झालं नाही. शेवटी हमालांनी त्यालाच वर नेलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांच्यातला एक जण "हळू" म्हणाला. दुपारनंतर त्याला पुन्हा खाली नेलं. ताई खिडकीत होती. चपला तिनं काढल्या नव्हत्या.

महिना संपला. तळमजल्याची खोली दुसऱ्याला गेली. ताईचे कपडे कपाटात होते, म्हणून हमाल कपाट परत वर आणायला आले. दोरीची गाठ सुटेना. त्यांनी बराच वेळ प्रयत्न केला, मग दोरी कापली.

व्हॅन खाली उभी आहे. खुर्ची ताईच्या दाराशी तशीच आहे. ती कुणाला हलवू देत नाही. एका बाजूला दांडा बांधलेला. दुसरा भिंतीला टेकलेला, त्याच्यावर गुंडाळलेली दोरी.