दाजींची ड्रेपरी आणि कन्नडचं आरमार

आमचे दाजी भिकेला लागले नाहीत.

त्यांना जाऊन आज वर्ष झालं, आणि सगळ्यात आधी मला हेच लिहावंसं वाटतंय.

कारण आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तसं भाकीतच करून ठेवलं होतं. "नाटक्याला पोरगी दिली. आज ना उद्या माघारी येणार बघा."

दाजी म्हणजे माझ्या मंगलताईचे मिस्टर. नाटकवेडे. स्पर्धेत काम करायचे, दुसऱ्यांचे मेकअप करायचे, तालमीत जेवणसुद्धा विसरायचे.

त्यांनी चांगली पर्मनंट नोकरी सोडली आणि तेव्हाच्या औरंगाबादेत, गुलमंडीजवळ ड्रेपरीचं दुकान टाकलं. शाळांच्या गॅदरिंगला कपडे भाड्यानं द्यायचं.

आमच्या शेतकरी घरात हे ऐकून दोन दिवस कोणी धड जेवलं नाही.

पहिलं वर्ष धंदा बसलेलाच. ताई फोनवर "मजेत आहे" म्हणायची. तिचं मजेत आम्हाला बरोबर कळायचं.

शेवटी अण्णा उठले आणि ताईला कन्नडला, आमच्या गावी, घेऊन यायला गेले. चार दिवसांसाठी नाही. कायमचं.

नेमकं त्याच दिवशी कन्नडच्याच एका शाळेचं गॅदरिंग होतं. कपडे दिले की मेकअपला स्वतः जायचं, ही दाजींची पद्धत. म्हणाले, "मामा, आपण सगळे एकाच बसनं जाऊ."

अण्णांनी ताईची बॅग बसमध्ये टाकली. कपड्यांचं गाठोडंही दुकानातून त्यांनीच उचलून आणलं. कोणी सांगितलं नव्हतं. धंदा कसा झटपट करायचा ते जावयाला दाखवायचं होतं ना.

शाळेत गाठोडं सोडलं, तर आत कोळीनृत्याचे कपडे. लाल टोप्या, रुमाल.

आणि पोरांचा बसवलेला होता महाराजांचा पोवाडा. मावळे पाहिजे होते, मावळे.

मी तिथंच होते. बाई रडायच्या बेतात. मंडप भरलेला. परत जाऊन कपडे आणायला वेळच नव्हता.

ताईचा चेहरा मला अजून दिसतो. तिची बॅग आमच्या घरी जाऊन पडली होती, आणि आता हेही.

दाजींनी एक टोपी उचलून उजेडात धरली. विचारलं, "बाई, महाराजांचं आरमार होतं का नाय?"

"होतं की."

"मग आज आरमार. ह्या काठ्या घ्या रे, ही वल्ही. गड चढायचं राहू द्या, वल्ही मारा."

गाणाऱ्या सरांना शेजारी बसवून त्यांनी पोवाड्यात समुद्राच्या दोन ओळी घातल्या. पोरांना भराभर मिशा काढल्या. ताई टोप्या बांधत सुटली.

पडदा वर गेला. आमच्या गावानं समुद्र पाहिलाय कुठं, चूक काढणार कोण? लोकांनी वन्समोअर दिला. खरंच दिला.

बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही तुम्हीच या. पण गाठोडं बदललं कसं?"

दाजी म्हणाले, "आमच्याकडनं बदललं. माफी असावी."

एवढंच. अण्णांकडे पाहिलंसुद्धा नाही. अण्णा मात्र बाजूलाच उभे होते आणि पायातल्या वहाणांकडे बघत होते.

पुढं मी बरीच वर्षं बँकेत काढली. धंदे चालताना पाहिले, बुडतानाही पाहिले. बहुतेक माणसं काही बिनसलं की आधी कोणाचं चुकलं ते शोधत बसतात. नाटकवाला आधी पडदा वर कसा जाईल ते बघतो. हातात जे आहे त्यात निभावतो, आणि लोक वेळेवर येऊन बसलेत याची त्याला चाड असते. कलावंताला व्यवहार कळत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा गॅदरिंगच्या पडद्यामागं उभं राहून बघावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी ताईची बॅग स्वतः उचलून स्टँडवर नेली. औरंगाबादच्या बसमध्ये ठेवली.

दाजींना म्हणाले, "पाव्हणं, लई गडबड केली म्या. जा सुखानं."

दाजी हसले. "मामा, पुढच्या महिन्यात या. गाठोडी लई हायेत."

आणि अण्णा जायचे की. दर सीझनला. आमची आई चिडायची, "शेत कोण बघंल?"

दुकान चाललं. दुसरंही झालं, क्रांती चौकाजवळ. शेंद्र्यापासून कन्नडपर्यंत शाळा त्यांचंच नाव घ्यायच्या.

मागच्या वर्षी दाजी झोपेतच गेले. त्रास नाही, दवाखाना नाही. माणूस असा जावा, असं सगळे म्हणाले. मीही रडून झाल्यावर तेच म्हणाले.

तेरावं झालं आणि मी ताईला म्हणाले, "चल कन्नडला. रहा आता माझ्याकडंच."

ती म्हणाली, "सुमे, गॅदरिंगं तोंडावर आलीत. मी आले तर पोरं काय घालून नाचतील?"

आणि चावी घेऊन दुकानात गेली.

आजही वर्षश्राद्धाचं जेवण उरकून ती तिकडंच गेलीय.

दाजी, ताई माघारी आली नाही. तुम्ही निवांत असा.