मोगऱ्याची परडी

आज आईला दवाखान्यातून उमेळ्याला घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, "व्हायरल ताप गेला. बाकीचं आता बघत राहायचं."

स्मृतिभ्रंशामुळे माझं नाव ती केव्हाच विसरली होती. पण या तापाआधी पुढ्यात वाडीतला मोगरा ठेवला, की केळीच्या धाग्याने भराभर गजरा बांधायची.

आज परडी ठेवली, तर तिने फुलांना हातच लावला नाही. शेवटी मीच गजरा बांधून तिच्या अंबाड्यात माळला.

तिने तो चाचपला. "किती सैल गं! आईनं शिकवलं नाही का तुला?"

"शिकवलं होतं."

"मग येईल हळूहळू," तिने माझी समजूत घातली.

परडी अजून तिच्यापुढेच आहे. अशा तापानंतर तुमच्या घरी कुणाचे हात पुन्हा चालू लागले का?