एस्तोय सेपारादा

शेंदूरजनाघाटहून निघाले त्या सकाळी बाबांनी माझी बॅग स्वतः जीपमध्ये चढवली. नवरा वर्षभर आधीच स्पेनला, वालेन्सियात गेला होता. मी त्याच्याकडे चालले होते. "तिकडंई संत्र्याचे बगीचे हायेत म्हन्ते," बाबा म्हणाले, "करमन तुले." धूळ येते म्हणून मायने फक्त काच वर करायला सांगितली.

बगीचे होतेच. लग्न मात्र दुसऱ्या वर्षी संपलं. भांडण नाही, मारहाण नाही. तो नोकरीसाठी माद्रिदला गेला, मला 'तू ये' म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. मी फळं निवडायच्या शेडमध्ये कामाला लागले, एक खोली घेतली. दर रविवारी घरी फोन करून "ते कामावर गेलेत" असं सांगायची. हे वाक्य सात महिने चाललं.

संध्याकाळी भाषेचा वर्ग असायचा. शिकवणारी पिलार, साठीची बाई. एकदा तिने क्रियापदांची विशेषणं करायला शिकवली. थकलेला पुरुष 'कान्सादो', थकलेली बाई 'कान्सादा'. बाकीचे शेवटच्या अक्षराशी अडखळत होते, मला ते सोपं गेलं. आपल्याकडेही दार उघडलेलं आणि खिडकी उघडलेलीच असते. मायच्या बोलीत तर तेवढाही फरक नाही. बाई असो की बाप्या, तिच्या लेखी सगळे 'थकेल'.

मग प्रत्येकाने स्वतःबद्दल एक वाक्य सांगायचं होतं. "एस्तोय कासादा," मी म्हणाले. लग्न झालेली. सवयीने. पिलारने मान डोलावली आणि ती पुढच्या बाकाकडे वळली. वाक्य व्याकरणाने बरोबर होतं. मी हात वर केला.

"नो. एस्तोय सेपारादा." वेगळी झालेली.

शेजारच्या माणसाने वहीतून डोकंही वर काढलं नाही. पिलार "मुई बिएन" म्हणाली, म्हणजे फार छान. शेवटचा 'आ' बरोबर लागला होता ना. कोणी हळहळलं नाही. हे इतकं सहज तोंडातून निघेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या रविवारी मायला सांगायचं ठरवलं, तर मराठीत शब्द सापडेना. 'विभक्त' म्हटलं असतं तर तिला वेगळ्या चुलीचं रेशनकार्ड आठवलं असतं. 'सोडलेली', 'टाकलेली' हे शब्द गावात होते, पण त्यांत जे काही केलं ते नवऱ्याने. बाईने नुसतं पडून राहायचं. शेवटी म्हटलं, "माय, आमी आता संगं राहत नाई. सात महिने झाले."

तिने विचारलं, "तुटेल हाय का सुटेल?"

"मंजे?"

"तुटेल असन तं जोडून पाहू. बाबा जातीन त्याच्या घरी बोलाले. सुटेल असन तं राहू दे."

"सुटेल हाय."

"मंग सात महिने एकटीच जेवून राहिली का वं?" असं म्हणून ती रडली. मी रडले नाही.

यंदा दिवाळीनंतर महिनाभर गावी राहून आले. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू ओसरीवर येऊन बसल्या. "जावई नाई आले?" मी तोंड उघडायच्या आत माय म्हणाली, "नाई. ते दोघं वेगळे झाले. चहा ठेवू का तुमाले?" काकूंनी चहा घेतला, आणि बोलणं त्यांच्या गुडघ्यावर गेलं. बाबा मात्र अजून त्याचं नाव घेत नाहीत. लग्नाचा फोटो त्यांनी भिंतीवरून काढलाय. त्या जागी दुसरं काही लावलेलं नाही.

परत निघताना 'आता इकडंच राय' असं कोणी म्हणालं नाही. ते मला थोडं लागलं, आणि बरंही वाटलं.

गाव सोडलेल्या बाकीच्यांचं मला सांगता यायचं नाही. माझं घर म्हणजे ती ओसरी, जिथे माझ्याबद्दल कोणी विचारलं तर माझ्याआधी माय उत्तर देते. आणि वालेन्सियातली ती खोली, जिथे कोणी काही विचारतच नाही. मला दोन्ही लागतात.