वीर कुणी नाचवायचा

आमच्या घरचा वीर म्हणजे आजोबांचा थोरला भाऊ. येवल्याजवळच्या गावी बांधाच्या भांडणात भाऊबंदांनी त्याला कुऱ्हाडीने तोडला. लग्नही झालं नव्हतं त्याचं. असा गेलेला माणूस घरावर कोपू नये म्हणून त्याचा टाक करतात, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला बोटभर घोडेस्वार. नाशकात धुळवडीला हे वीर खोबऱ्याच्या वाटीत घालून वाजतगाजत, नाचवत गोदावरीवर नेतात आणि आंघोळ घालून घरी आणतात. आमच्याकडे वाटी थोरल्याने उजव्या हातात धरायची. वडिलांमागे थोरला मी, आणि मी इंग्लंडात.

तिथे मी गिरणीत मागावर होतो. एकदा बसस्टॉपवर तिघांनी मला लाथांनी तुडवलं, बरगडी मोडली. त्या धुळवडीला अंथरुणात कण्हत एकच घोकत होतो, आपला वीर इथे हवा होता.

अठ्ठ्याहत्तरच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा टाक उजळून आणतो म्हणून सराफाकडे नेला आणि तसाच दुसरा करून घेतला; त्याच्या घोड्याचं तोंड ठसठशीत होतं, ते उजळल्यामुळे असं घरच्यांना वाटलं. नवा देव्हाऱ्यात ठेवला, जुना खिशात घालून विमानात बसलो. धाकट्या भावाला बोललो नाही. चोरी केली असं मला अजिबात वाटलं नाही. हक्क माझा होता, आणि तिकडे माझ्या मुलींना आपले सण कळायला हवे होते. मग दर धुळवडीला घरामागच्या चार हात जागेत मी नाचायचो, बायको ताट बडवायची, शेजारी खिडक्या लावून घ्यायचे.

त्याच वर्षी एका वर्कशॉपात प्रेसखाली भावाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. आईने पत्रात लिहिलं, तो म्हणतो वीर कोपला, आपलंच काही चुकलं, म्हणून त्याने शनिवार धरलेत. मी पत्र घडी करून ठेवून दिलं. पुढे तो उरलेल्या दोन बोटांत वाटी पकडून नाचत राहिला.

त्र्याऐंशीला मी धुळवडीला नाशकात होतो. वाटी मी मागितली नाही, एवढा शहाणपणा होता. पण घाटावर उतरलो आणि वाटलं, जुन्यालाही आंघोळ घालावी. इतक्या वर्षांत त्याला गोदावरीचं पाणी लागलं नव्हतं. शिवाय मी तिकडे सगळं किती निगुतीने करतो हे ऐकून भावाला बरं वाटेल असंही वाटलं. काय अक्कल म्हणायची ही. मी टाक खिशातून काढून त्याच्यापुढे धरला. घासून घासून घोड्याचं तोंड सपाट झालेलं. ते त्याने लगेच ओळखलं.

"मग मी काय नाचवत होतो, दादा?" त्याने हळूच विचारलं.

"अरे, दोन्ही आपलेच."

वाटी फेकून त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. दात ओठात घुसला. मी त्याचे केस धरून डोकं पायरीवर आपटलं. हलगीवाले वाजवतच राहिले. त्यांना वाटलं, अंगात आलंय. माझ्या हातातला जुना टाक पायरीवर पडला होता. भावाने तो उचलायला हात पुढे केला, उजवाच. मी त्या दोन बोटांवर पाय दिला. नीट बघून दिला, आणि हाड वाजेपर्यंत काढला नाही. आई पाठीत बुक्क्या मारत म्हणत होती, "सोड, पाठचा आहे तुझ्या." लाज वाटते का म्हणाल तर वाटते. तेव्हा मात्र बरं वाटलं होतं.

जुना टाक मीच उचलला. आईच्या पत्रांवरून कळलं की ती बोटं परत वळली नाहीत, आणि आमच्या घरून आता वीर निघत नाही.

दोन वर्षांनी तिकडच्या मराठी मंडळाने, परदेशात राहून घरची परंपरा जपली म्हणून, माझा सत्कार केला. मी वीराची गोष्ट कुऱ्हाडीपर्यंत सांगितली. टाळ्या झाल्या. शाल घेऊन खाली उतरलो तर एका बाईंनी विचारलं, "आणि नाशकात आता कोण नाचवतं?"

"धाकटा भाऊ," मी म्हणालो. "छान नाचवतो."